नाक कोणी बसविले? वैद्यकाच्या इतिहासातील दंतकथा आणि साधनांची तपासणी

वैद्यकाच्या इतिहासाविषयी आपल्याकडे जे बोलले जाते त्यात एक कथा फार लाडकी आहे. टिपू सुलतानाने एका मराठी माणसाचे नाक कापले, पुण्याच्या एका वैद्याने सुश्रुताच्या पद्धतीने ते पुन्हा बसविले, इंग्रज डॉक्टरांनी हे प्रत्यक्ष पाहिले आणि अशा रीतीने सुश्रुताची विद्या युरोपात गेली. गौरवग्रंथांतून, व्याख्यानमालांतून, महाविद्यालयातल्या विज्ञानदिनाच्या भाषणांतून ही कथा वर्षानुवर्षे सांगितली जाते. ऐकणाऱ्याची छाती फुगते, टाळ्या पडतात आणि मूळ साधन काय म्हणते हे विचारायचे राहून जाते.

या लेखात मला या कथेची समीक्षा करायची आहे. कवितासंग्रहाची समीक्षा करताना आपण आधी संहिता वाचतो, मग कवीविषयी बोलतो. इतिहासातल्या कथेलाही हाच नियम लावला पाहिजे. आणि तो लावला की या कथेतला 'वैद्य' नाहीसा होतो. त्याच्या जागी विटा पाडणाऱ्या जातीचा एक माणूस उभा राहतो. हा बदल किरकोळ नाही. आपल्या देशात ज्ञान कोणाच्या हातात होते आणि ते कोणाच्या नावावर चढले, हा सगळा प्रश्न त्या एका बदलात आहे.

प्रथम साधन पाहू. लंडनहून निघणाऱ्या 'जेंटलमन्स मॅगझिन' या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एक पत्र छापलेले आहे. लेखकाचे नाव नाही, खाली 'बी. एल.' एवढीच अक्षरे आहेत. सोबत एक चित्र आहे. पुण्यात काम करणाऱ्या जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने काढलेल्या चित्रावरून ते कोरलेले आहे. पत्रातली हकिगत अशी : कावसजी नावाचा मराठा, जातीने शेतकरी, १७९२ च्या लढाईत इंग्रज फौजेबरोबर बैल हाकण्याचे काम करीत होता. तो टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात तोडण्यात आला. पुढे तो श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या फौजेत आला आणि पत्र लिहिले तेव्हा कंपनीची पेन्शन खात होता. जवळजवळ वर्षभर तो नाकावाचून राहिला. नंतर पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीच्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. मुंबई इलाख्यातल्या दोन डॉक्टरांनी ही क्रिया होताना पाहिली आहे, ती हिंदुस्थानात दुर्मीळ नाही आणि फार जुन्या काळापासून चालत आलेली आहे, असेही पत्रलेखक सांगतो.

क्रियेचे वर्णन बारकाईने केलेले आहे. मेणाची पातळ पट्टी नाकाच्या उरलेल्या बुंध्यावर बसवून तिला नाकाचा आकार द्यायचा. मग ती सपाट करून कपाळावर ठेवायची आणि तिच्या कडेने रेघ ओढायची. तेवढी कातडी कपाळापासून सोडवायची, पण दोन डोळ्यांच्या मध्ये एक चिंचोळी पट्टी जोडलेली ठेवायची, म्हणजे नव्या जागी रुजेपर्यंत त्या कातडीला रक्त मिळत राहते. नाकाच्या बुंध्याभोवती आणि वरच्या ओठावर चीर द्यायची, कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणायची आणि तिच्या कडा त्या चिरेत बसवायच्या. टाक्याचा उल्लेख नाही. पाण्यात मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांवर पसरून अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक लावायच्या. चार दिवस त्याला हात लावायचा नाही. नंतर तुपात भिजविलेले कापड. दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून मऊ कापडाचे तुकडे. तीनेक आठवडे उलटल्यावर डोळ्यांमधली ती जोडपट्टी कापून टाकायची.

मेण, कात, तूप आणि कापड. विडा खाणाऱ्याच्या घरात आणि स्वयंपाकघरात सापडणाऱ्या या वस्तू आहेत. पत्रात सुश्रुताचे नाव नाही. संस्कृत ग्रंथाचा, श्लोकाचा, गुरुकुलाचा उल्लेख नाही. 'वैद्य' हा शब्द नाही.

मग सुश्रुत आला कोठून? तो पुढे आला. 'सुश्रुतसंहिता' कलकत्त्यात १८३५-३६ साली प्रथम छापली गेली. तिचे संपादन मधुसूदन गुप्त यांनी केले. म्हणजे हे पत्र प्रसिद्ध झाले तेव्हा छापील सुश्रुत अजून चाळीस वर्षे दूर होता. लंडनच्या जोसेफ कार्प्यू या शल्यचिकित्सकाने १८१४ साली कपाळाच्या कातडीने नाक घडविण्याची क्रिया केली आणि १८१६ साली तिच्यावर पुस्तक लिहिले, तेही त्याआधीच. युरोपने ही क्रिया उचलली ती हिंदुस्थानातल्या चालू कारागिरीच्या हकिगतींवरून. संहिता छापून आल्यावर विद्वानांना तिच्यात नाकाचे प्रकरण सापडले आणि दोन गोष्टी एकमेकींना जोडून एक सरळ रेषा ओढली गेली.

ही रेषा खरी आहे का, हे संहिता उघडून पाहता येते. सूत्रस्थानाच्या सोळाव्या अध्यायात नाक जोडण्याची रीत आहे आणि ती थोर आहे यात शंका नाही. तेथे झाडाच्या पानाने नाकाचे माप घ्यायला सांगितले आहे आणि श्वासासाठी नळ्या घालायला सांगितल्या आहेत. मापाचे पान आणि मापाचे मेण यांत साम्य आहे, ते मान्य केलेच पाहिजे. पण सुश्रुताने कातडी घ्यायला सांगितली आहे ती गालाची. पुण्याजवळच्या माणसाने घेतली ती कपाळाची. हा फरक शल्यचिकित्सेच्या दृष्टीने मोठा आहे. आजही शल्यचिकित्सक 'भारतीय पद्धत' म्हणून ओळखतात ती कपाळाची. तेव्हा युरोपने जी पद्धत घेतली ती सुश्रुतसंहितेत लिहिलेली नाही आणि जी लिहिलेली आहे ती युरोपने पुण्याकडून घेतली नाही. दोहोंचे काही जुने नाते असेल. पण असेल आणि आहे या दोन शब्दांमध्ये जे अंतर असते, त्यालाच इतिहासाची शिस्त म्हणतात.

मग गाल जाऊन कपाळ कोणी आणले? संहिता वाचता न येणाऱ्या हातांनी, पिढ्यान्‌पिढ्या करून पाहत, चुकत, सुधारत ही रीत घडविली असेल, ही शक्यता गौरवकथेत मावत नाही. तिला वाटते की ज्ञान नेहमी वरून खाली येते. ग्रंथातून हातात येते. हातातून ग्रंथात जाते, हे तिला सुचतच नाही.

येथे एक सामाजिक प्रश्न उपस्थित होतो. ज्या परंपरेच्या नावाने आज हा गौरव चालतो, त्या परंपरेच्या धर्मशास्त्राने वैद्याला कोठे बसविले होते? मनुस्मृतीने चिकित्सकाला श्राद्धाच्या पंक्तीतून वगळले आहे आणि त्याचे अन्न पुवासारखे मानले आहे. रक्त, पू, प्रेत यांना हात लावणारा अपवित्र, हा नियम होता. सुश्रुत प्रेताचा अभ्यास करायला सांगतो, पण कसा? प्रेत पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायचे आणि मग कुंच्याने थर घासत घासत आतले अवयव पाहायचे. एवढी आडवाट कशामुळे आली असेल, याचा विचार विद्यार्थ्यांनी जरूर करावा. त्याच संहितेत कोणाला शिकवावे याची वर्णवार यादी आहे. शूद्रालाही, मंत्र वगळून आणि उपनयनावाचून, शिकवावे असे काहींचे मत म्हणून नोंदविले आहे. म्हणजे ज्ञानाच्या दारावर वर्ण उभा आहे. दार थोडे किलकिले ठेवायचे की नाही एवढाच वाद आहे. देबीप्रसाद चट्टोपाध्याय यांनी १९७७ च्या आपल्या ग्रंथात प्राचीन वैद्यक आणि वर्णव्यवस्था यांचा हा झगडा सविस्तर मांडला आहे. त्यांचे सगळेच निष्कर्ष पटले नाहीत तरी प्रश्न टाळता येत नाही.

या व्यवस्थेत रक्ताची कामे खालच्या हातांकडे आली. जळवा लावणे, तुंबडी लावणे, गळू फोडणे, हाड बसविणे, बाळंतपण करणे ही त्या हातांची कामे. माझी आजी सुईण होती. गावातल्या सगळ्या आळ्यांतली मुले तिच्या हातावर जन्मली. आडवे आलेले मूल पोटावरून हात फिरवून ती कसे सरळ करी, हे आई अजून सांगते. नाळ कापेपर्यंत तिचा हात चालत असे. बारशाला मात्र ती उंबऱ्याबाहेर बसे. तिच्या ज्ञानावर कोणी श्लोक रचला नाही. माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिला, आणि त्या महाविद्यालयात वैद्यकाच्या इतिहासावर जी भाषणे ऐकली त्यांत या हातांचा उल्लेख एकदाही आला नाही. म्हणून साधनांची तपासणी हा माझ्यासाठी पांडित्याचा विषय उरत नाही. आधी हात विटाळाचा ठरवायचा आणि त्या हाताने काही नाव मिळविण्याजोगे केले की त्याच्या जागी श्लोक ठेवायचा, ही सांस्कृतिक सत्तेची जुनी रीत आहे. विटा पाडणाऱ्याच्या जागी आलेला 'वैद्य' हा या रीतीचाच नमुना आहे.

याच्या उलट बाजूचा नमुना देवीच्या लशीचा आहे. पुण्याच्या गोष्टीत असलेला माणूस पुसला गेला. येथे नसलेला ग्रंथ उभा केला गेला. एडवर्ड जेन्नरने गाईच्या देवीपासून लस टोचण्याचा प्रयोग १७९६ साली केला आणि १७९८ साली तो प्रसिद्ध केला. पुढे १८१९ साली मद्रासच्या एका वृत्तपत्रात पत्र आले की ही युक्ती धन्वंतरीच्या एका संस्कृत ग्रंथात पूर्वीच सांगितलेली आहे : गाईच्या आचळावरच्या किंवा माणसाच्या दंडावरच्या फोडातला द्रव शस्त्राच्या टोकावर घेऊन टोचावा. ग्रंथाचे नाव दिले 'साक्तेय ग्रंथम्'. हा उतारा पुस्तकामागून पुस्तकात गेला आणि आजही भाषणांत येतो. डॉमिनिक वुयास्टिक या संस्कृत वैद्यकाच्या अभ्यासकाने १९८७ साली या दाव्याचा माग काढला. ग्रंथ हाती लागला नाही. हाती लागली ती एकमेकांच्या खांद्यावर उभी असलेली अवतरणे. लस लोकांच्या गळी उतरावी म्हणून कंपनीच्या काळात संस्कृत श्लोक मुद्दाम रचले जात होते, हेही त्याने दाखविले. आपल्याकडे बंगाल प्रांतात माणसाच्या देवीचे द्रव्य टोचण्याची चाल खरोखर होती. ती चाल आणि गाईच्या देवीची लस या वेगळ्या गोष्टी आहेत. बनावट श्लोकाने या दोहोंची गल्लत केली आणि खऱ्या चालीचेही महत्त्व झाकून टाकले.

यातला मर्माचा भाग वेगळाच आहे. श्लोक रचणारा इंग्रज असो की त्याचा पंडित, दोघांचाही विश्वास एकच होता : या देशात वस्तू खरी ठरायला ती उपयोगी असणे पुरत नाही, ती ग्रंथात असावी लागते. आणि प्रत्यक्षात लस पसरली कशी? १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचलेली लस यशस्वी झाली. तिच्या फोडातली लस पुढच्या मुलांना, त्यांच्या दंडावरून आणखी पुढच्यांना, अशी ती दंडादंडावरून देशभर गेली. ही लस वाहून नेणारे दंड पुष्कळदा गरिबांच्या आणि खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांचे असत आणि वरच्या जातींची तक्रार असे की आमच्या मुलांच्या रक्तात त्यांच्या अंगातले द्रव्य नको. धन्वंतरीच्या नावाचा बनावट श्लोक लोकांना पाठ आहे. लस वाहणाऱ्या त्या मुलांवर भाषण मात्र मी अजून ऐकलेले नाही.

अशा दंतकथा आता गावोगावच्या भाषणांपुरत्या राहिलेल्या नाहीत. ऑक्टोबर २०१४ मध्ये मुंबईत एका रुग्णालयाच्या समारंभात देशाच्या पंतप्रधानांनी गणपतीच्या मस्तकाचा दाखला देऊन प्राचीन काळी प्लास्टिक सर्जन असले पाहिजेत असे सांगितले. सभागृहात डॉक्टर बसलेले होते. पुराणकथेला पुरावा मानले की पुराव्याची गरजच संपते आणि मग ज्याच्या हातात ध्वनिक्षेपक त्याचा इतिहास खरा ठरतो. ध्वनिक्षेपक आपल्या हातात फार क्वचित असतो, हे आपण विसरू नये.

आता आपल्या घराकडे वळू. हे बोलल्यावाचून ही समीक्षा प्रामाणिक ठरणार नाही. विटा पाडणाऱ्याची हकिगत समजल्यावर आपल्यातला एखादा उत्साही वक्ता उद्या त्याला 'महान दलित शल्यविशारद' म्हणेल, कोणी त्याला नाव देईल, कोणी जयंती सुरू करील. त्याला थांबविणे आपले काम आहे. पत्रात 'विटा पाडणारी जात' एवढेच आहे. तो कुंभार असावा, असा तर्क करता येतो आणि कुंभाराची जात गावगाड्यात अस्पृश्य नव्हती, बलुतेदारांत होती. कावसजी हे नाव पारशाचे वाटते आणि पत्र त्याला मराठा म्हणते. ही विसंगती लपवून चालणार नाही. 'बी. एल.' या अक्षरांमागे अमुक डॉक्टर होता असे छातीठोकपणे लिहिले जाते. तो तर्क आहे. आणि पत्रही सोवळे नाही. टिपूच्या क्रौर्याच्या हकिगती त्या काळात कंपनीच्या सोयीच्या होत्या, हे लक्षात ठेवूनच ते वाचले पाहिजे. नाक कापण्याची शिक्षा एकट्या टिपूची नव्हती. ती अनेक राज्यांत होती आणि व्यभिचाराच्या नुसत्या संशयावरून बायकांची नाके घरातच कापली जात. ज्या समाजात नाके कापली जातात तेथेच नाके बसविणारे हात तरबेज होतात, ही या गौरवकथेची काळी बाजू आहे.

दुसरे उदाहरण जीवकाचे. आपल्या सभांतून जीवक हा बुद्धाचा वैद्य, मेंदूची शस्त्रक्रिया करणारा जगातला पहिला सर्जन म्हणून सांगितला जातो. विनयपिटकातल्या महावग्गात त्याची कथा आहे : राजगृहाच्या सालवती गणिकेचा मुलगा, जन्मताच कचऱ्याच्या ढिगावर टाकलेला, राजपुत्र अभयाने वाढविलेला, तक्षशिलेत सात वर्षे शिकलेला. तो एका श्रेष्ठीची कवटी उघडून आतले किडे काढतो, दुसऱ्या एकाच्या पोटातला आतड्यांचा पीळ सोडवितो. कथा विलक्षण आहे. टाकलेले मूल विद्येच्या बळावर राजवैद्य होते, हे वाचताना आपल्याला आपलेच काही सापडते. पण ती परंपरेने जपलेली कथा आहे, रुग्णालयाची नोंदवही नव्हे. काही परंपरांत त्याची आई आम्रपाली आहे. दोन्ही एकदम खरे असू शकत नाही. भिक्षूंच्या संघात आजाऱ्याची सेवा हे कर्तव्य मानले होते, औषधांचे नियम होते, हे विनयातून भक्कमपणे सांगता येते आणि तेच मोठे आहे. त्यासाठी जीवकाला 'जगातला पहिला' करण्याची गरज नाही. सुश्रुताला लावलेली कसोटी जीवकाला लावणार नसू, तर आपण समीक्षा केली नाही, फक्त देव बदलले.

ही कसोटी आपल्याला बाहेरून आणावी लागत नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त अवतारांच्या कथा उलट्या बाजूने वाचल्या. कथा कोणाच्या फायद्याची, हा प्रश्न त्यांनी आपल्याला दिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'शूद्र पूर्वी कोण होते?' (१९४६) या ग्रंथासाठी मंत्र, ब्राह्मणे, स्मृती, महाभारत एकमेकांसमोर ठेवून तपासले. अस्पृश्यतेच्या उगमावरच्या १९४८ च्या ग्रंथात पुरावा जेथे तुटतो तेथे तर्क किती चालवावा, हा प्रश्न त्यांनी प्रस्तावनेतच उघडपणे मांडला आणि आपण तर्क करतो तेथे तो तर्क आहे असे सांगितले. ज्याच्या समाजाला ग्रंथाला हात लावण्याची बंदी होती त्याने ग्रंथ उघडून पुरावा मागितला, हा आपला वारसा आहे. दंतकथेला उत्तर म्हणून दुसरी दंतकथा उभी करणे या वारशात बसत नाही.

म्हणून शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना माझे सांगणे साधे आहे. वैद्यकाच्या इतिहासातला कोणताही दावा समोर आला की चार प्रश्न विचारावेत. हे प्रथम कोठे आणि कोणत्या साली लिहिले गेले? लिहिणाऱ्याने स्वतः पाहिले की ऐकले? ज्या ग्रंथाचे नाव घेतले जाते त्याच्या त्या पानावर खरोखर काय आहे? आणि मूळ हकिगतीत असलेला कोण माणूस पुढच्या सांगण्यात गळाला? पहिले तीन प्रश्न कोणताही चांगला इतिहासकार विचारील. चौथा आपण विचारला नाही तर कोणी विचारणार नाही. या जोडीला एक काम आहे : आपल्या वस्त्यांतल्या सुईणी, हाड बसविणारे, जडीबुटी जाणणारे म्हातारे अजून आहेत. त्यांचे म्हणणे तारीख, गाव आणि सांगणाऱ्याच्या संमतीसह वहीत उतरवावे. त्यातले चुकीचे आणि घातक जे असेल तेही तसेच लिहावे. आजीच्या हातांची थोरवी सांगताना त्या काळी बाळंतपणात बायका किती मरत हे झाकले, तर ती नवी दंतकथाच होईल.

१७९४ च्या त्या पत्रात नाक गमावलेल्या माणसाचे नाव आहे, त्याचे चित्र आहे. नाक बसविणाऱ्याची फक्त जात आहे. त्याच्या जागी सुश्रुताला बसवू नये आणि आपल्या पसंतीचे नावही लिहू नये. वर्गात ही हकिगत सांगताना 'विटा पाडणाऱ्या जातीचा एक माणूस' हे शब्द जसेच्या तसे फळ्यावर लिहावेत आणि नाव का नाही, हे विद्यार्थ्यांना विचारावे.